रकाना क्रमांक सात

शनिवारी चारच्या आत फॉर्म द्यायचा आहे.
रकाना सात : विद्यार्थी-मार्गदर्शनामागचे आपले तत्त्वज्ञान.
शब्दमर्यादा शंभर.
खाली ठिपक्यांच्या चार ओळी,
आणि माझी बावीस वर्षं.

नोकरीला लागले तेव्हा
सल्ला जिभेवर तयारच असायचा,
पर्समधल्या सुट्ट्या पैशांसारखा.
संख्याशास्त्र शिकवते मी;
कोणी काय निवडलं की सरासरीने कुठे पोचतं
हे मला तोंडपाठ.
यशपाल खिल्लारेलाही तसंच सांगितलं.
कंधारचा मुलगा, सदाशिव पेठेत
सहाजणांत एक खोली.
दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर म्हणाला,
मॅडम, सोडावं म्हणतोय.
मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर
एक वक्ररेषा काढली.
हे बघ, पदवी असलेले इथे, नसलेले इथे.
तो बघत राहिला.
मग म्हणाला, यात मी कुठे आहे?
मी पेन टेकवलं, उचललं,
तेवढ्यात तासाची घंटा झाली.
त्या घंटेचे आभार मानले होते मी,
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो थांबला. शिकला. पास झाला.
पेढे घेऊन आला नाही.
त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे;
फोटोत एक मैदान, कडेला तो,
गळ्यात शिट्टी.
हसतोय की डोळ्यांवर ऊन येतंय, कळत नाही.

निदा तांबोळी सहा वेळा आली.
एकदा बोनाफाईडसाठी, एकदा रजेचा अर्ज,
एकदा झेरॉक्सवर सही,
एकदा तीच सही पुन्हा, कारण पहिली पुसट आली म्हणे.
सहाव्यांदा नुसतीच
माझ्या टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत बसली.
सातव्यांदा मी खुर्च्या फिरवल्या.
दोघींची तोंडं खिडकीकडे,
खाली पार्किंग, वॉचमनकाका
वाकड्या लावलेल्या स्कूटर एकेक करून सरळ करत होते.
समोरासमोर बसवलं की मुलं
तोंडी परीक्षेसारखी उत्तरं देतात.
अकराव्या स्कूटरपाशी ती बोलायला लागली.
काय, ते कुठल्याच फॉर्मवर येणार नाही.
मी एवढंच म्हटलं, उद्या ये,
आणि उद्या जागेवर होते.

काल अप्पा बळवंत चौकात
एका मुलाने पत्ता विचारला.
पाठीवर सॅक, काखेत गादीची वळकटी,
नुकताच शहरात उतरलेला.
मी सवयीने बोट उचललं.
मागून दुकानदार, हिशेबातून मान वर न काढता :
"आधी विचारा त्याला, चालत की गाडीवर?
एकेरी रस्ते आहेत सगळे.
गाडीचा रस्ता चालणाऱ्याला सांगाल
तर पाच पेठा उगाच फिरवाल बिचाऱ्याला."
मुलगा म्हणाला, चालत.
मग त्यांनी एक बोळ सांगितला
जो इथेच जन्मून
मला माहीत नव्हता.

बोट खाली घेताना
मला ती वक्ररेषा आठवली,
आणि वहीच्या त्या पानावरचं
चिकटून बसलेलं मेसचं कुपन,
जे मी तेव्हा बाजूला सारलं होतं
रेषेला जागा व्हावी म्हणून.

आज रकाना सातमध्ये लिहिलं :
चालत की गाडीवर?
समन्वयक आगाशे सरांनी
पेन्सिलीने शेजारी टिपण टाकून परत पाठवलं :
वाक्य अपूर्ण. कृपया विस्तार करावा.
बरोबरच आहे त्यांचं.
पुढचं वाक्य माझ्याकडे नसतंच.

पावणेचार झालेत.
दारात कुणीतरी उभं आहे,
चप्पल काढावी की नको
या विचारात.